साडेबत्तीस इंच छाती

५ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
काडीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला एक टेप हवी आहे. कापड मोजायची, आपल्या दुकानातली. इथल्या बाजारात मिळते, पण शिंप्याच्या मुलाने टेप विकत आणायची म्हणजे माळ्याने फुलं विकत घेण्यासारखं झालं.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला टेप कशाला, असं तू विचारशीलच. तर नोव्हेंबरात अग्निशमन दलाच्या भरतीत माझं काय झालं, ते मी तुला अर्धंच कळवलं होतं. धावण्यात मी चौथा आलो. दोरावर चढण्यात दुसरा. पाठीवर वाळूचं पोतं घेऊन शिडी चढलो तेव्हा तर तिथल्या साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग आम्हाला उघडं करून रांगेत उभं केलं. छाती तेहेतीस इंच हवी आणि श्वास भरून ती आणखी दोन इंच फुगायला हवी. माझी भरली एकतीस. कारकुनाने मान वर न करता माझ्यापुढे फुली मारली आणि शर्ट घालून घ्या म्हणाला. लहानपणापासून मी बाबांच्या शेजारी बसून गावभरच्या छात्या वहीत लिहिल्या, आणि कमी पडली ती माझीच.

पुढची भरती अठरा ऑक्टोबरला आहे. वयाच्या अटीमुळे ती माझी शेवटची. म्हणजे हातात नऊ महिने आणि मिळवायचे दोन इंच. माझ्या खोलीजवळ एका जुन्या छापखान्याच्या तळघरात व्यायामशाळा आहे. तिथे कालपासून जायला लागलो. तिथल्या मास्तरांचे केस पांढरे आहेत आणि मान माझ्या मांडीएवढी. पहिल्याच दिवशी वीस जोर काढायला सांगितले. अकराव्याला मी जमिनीला चिकटलो तो चिकटलोच. मास्तर हसले नाहीत, उद्या बारा काढ म्हणाले.

तुझं-माझं ठरलेलं मी विसरलो नाही. यंदा जमलं नाही तर मुकाट्याने दुकानात येऊन दुसऱ्या मशीनवर बसायचं. बाबा गेल्यापासून पाच वर्षं तू एकटी ओढते आहेस, शब्द फिरवणार नाही. पण आधी हे एवढं करून पाहू दे.

आईला साष्टांग नमस्कार. लोभ असू दे. सध्या एकतीस इंचांत मावेल इतकाच मागतो.

तुझा,
काडी


१४ जानेवारी

चि. काडीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बँकेतल्या मॅनेजरच्या कोटाला बाही लावत होते. वाचता वाचता इतकी हसले की बाही उलटी टाचली. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काजं करता करता थांबली आणि माझा मुलगा एकतीस कसा, म्हणून त्या कारकुनावरच उखडली. तिच्या मते माप घेणाऱ्याचे हात थंड असतील आणि तू अंग चोरलं असशील.

टेप पाठवते आहे. मी नवी कोरी काढून ठेवली होती, पण आईपुढे माझं काय चालतंय. तिने कपाट उघडून बाबांची टेप काढली. तीच, पिवळी, कडा विरलेली, तीस वर्षं बाबांच्या गळ्यात होती ती. तिच्यावर बाबांचा हात फिरलाय, पोराला यश येईल, असं म्हणत तिने ती स्वतः रुमालात बांधली. जपून वापर. पास झालास की परत आण.

बाकी तुझ्या व्यायामाचं म्हणशील तर नव्याचे नऊ दिवस. तू पोहायला गेलास ते सात दिवस, बासरी शिकलास ते पाच. तुला काडी हे नाव मी उगीच नाही ठेवलं. बाबा म्हणायचे की तुझा शर्ट बाहीच्या कापडात बसतो.

दुकानाचं बरं चाललं आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरांचे चाळीस कोट आले आहेत. दुसऱ्या मशीनवर मी कापडाचे तागे ठेवते, पण दर रविवारी तागे उतरवून त्याला तेल घालते. तू पास झालास तर मला आनंदच होईल. नाही झालास तरी मला काही रडू येणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आई सांगते तसंच्या तसं लिहिते: अंडी खा, पण उकडून. दूध दोन वेळा. आणि छातीवर घेतलेलं वजन पडायला लागलं तर आधी आपण बाजूला व्हायचं.

माया आहे तशीच आहे, वाढवायला व्यायाम लागत नाही.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेप मिळाली. गळ्यात घालून खोलीतल्या आरशापुढे उभा राहिलो तर क्षणभर बाबाच दिसले, मग मिशा नाहीत हे लक्षात आलं. घरमालकीणबाईंना बोलावून त्यांच्याकडून माप घेववलं. त्यांना वाटलं मी शिवणकाम शिकतो आहे. भरली पावणेतीस. म्हणजे नोव्हेंबरातल्यापेक्षाही सव्वा इंच कमी. एक तर त्या कारकुनाने माझ्यावर दया केली असणार, नाहीतर नापास झाल्याच्या काळजीने मी वाळलो. काही असो, मी बाबांच्या टेपवर विश्वास ठेवणार. आता मला सव्वातीन इंच हवेत.

नऊ दिवस कधीच सरले, ताई. पहिला महिना मास्तरांनी मला वजनाला हातच लावू दिला नाही. नुसते जोर. आधी पाय जमिनीवर ठेवून, मग पाय बाकावर ठेवून. छाती जमिनीला टेकली नाही तर तो जोर मोजायचा नाही. दुसऱ्या महिन्यात बाकावर आडवं केलं आणि हातात नुसती दांडी दिली, चकत्या नाहीत. खांदे मागे घे, पाठ बाकाला लावून ठेव, दांडी हळू खाली आण आणि चटकन वर ने. खाली येताना जो धीर धरतो त्याची छाती भरते, जो धाडकन सोडतो त्याची फक्त बरगडी मोडते, असं त्यांचं म्हणणं. आता दांडीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलो आहेत.

माझी गत विचारू नकोस. पहिल्या आठवड्यात मला शर्ट डोक्यावरून काढता येईना. चष्म्याच्या दुकानात शिंक आली तरी छाती धरून बसायचो, तर मालकांना वाटलं हृदयाचं काही आहे. अंडी रोज सहा खातो, उकडलेली, हे आईला सांग. खाली अंडीवाला मला पाहिलं की न विचारता पिशवी पुढे करतो.

तळघरात आरसा एकच आहे आणि त्याच्यावर मास्तर टॉवेल टाकून ठेवतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो काढायचा. रोज पाहिलं तर काही दिसत नाही आणि मन खचतं, हे त्यांनी किती पोरांचं पाहून ठरवलं देव जाणे. टेप तर त्यांच्याकडे नाहीच.

मी मात्र महिन्याला एकदा मोजतो. परवा भरली साडेतीस. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ते मी आता शब्दशः म्हणू शकतो.

कळावे. लोभही असाच पाऊण-पाऊण इंच वाढत राहावा.

तुझा,
काडी


२ एप्रिल

चि. काडीस,
आशीर्वाद, आणि मूठभर मांसाबद्दल आणखी एक मूठ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा आईसाठी, एकदा इस्त्रीवाल्यासाठी. तो आता रोज विचारतो की छाती किती झाली. तोही म्हणे तरुणपणी वजनं उचलायचा, पण त्याच्याकडे पाहून मला तरी ती वजनं खाली ठेवलेली दिसत नाहीत, सगळी पोटात गेली आहेत.

एक सांगते, शिंपी म्हणून. छाती नुसती पुढून वाढवू नकोस. माझ्याकडे येणारे पहिलवान तसेच असतात, पुढून भरगच्च आणि खांदे पुढे पडलेले. त्यांना कोट शिवायचा म्हणजे पाठीला चुणी पडते आणि बोलणी मला खावी लागतात. पाठीचाही व्यायाम कर. तुझ्या मास्तरांना विचार, ते हेच सांगतील.

माझा उजवा खांदा दुखतो आहे, कात्रीचा. काळजीचं काही नाही. आई तेल लावते आणि लावता लावता तू कधी येणार ते विचारते. मी ऑक्टोबर म्हणते. बाकी काही म्हणत नाही.

खुशाल राहा आणि लिहीत राहा. इतकंच मागणं.

तुझी,
ताई


११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आणि मास्तरांचाही नमस्कार.

तू पाठीबद्दल लिहिलंस ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की तुझ्या बहिणीने कात्री टाकून इथे शिकवायला यावं. त्या दिवसापासून एक दिवस छाती, एक दिवस पाठ आणि एक दिवस चक्क आराम. आरामाच्या दिवशी गेलो तर हाकलून देतात. छाती तळघरात वाढत नाही, अंथरुणात वाढते, असं सांगून परत पाठवलं.

आता माझं काम ऐक. सपाट बाकावर चाळीस किलो. मग बाक तिरपा करतात आणि त्यावर तेच, पण कमी वजनाने. त्याने गळ्याखालचा भाग भरतो. मग दोन्ही हातांत डंबेल्स घेऊन आडवं पडायचं, हात पंखांसारखे उघडायचे आणि मिटायचे. हे दिसायला सोपं आहे आणि करायला रडू येतं. पण त्यानेच मधली रेघ उमटते. होय ताई, मला रेघ आली आहे. जूनच्या शेवटच्या रविवारी टॉवेल काढला तर समोर रेघ. मी वळून मागे पाहिलं, कोणी दुसरं उभं आहे का म्हणून.

टेपचं माप मात्र रुसून बसलं आहे. एप्रिलमध्ये एकतीस, मेमध्ये साडेएकतीस, आणि आजही पावणेबत्तीसच. अजून सव्वा इंच कुठून आणू कळत नाही. भरतीच्या दिवशी घालायला एक शर्ट शिवून दे. अंगासरसा हवा, पिशवी नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझी साडेबत्तीस होईल असं धर आणि त्याच मापाने काप.

तुझा खांदा कसा आहे ते नीट लिही. काळजीचं काही नाही हे तू प्रत्येक गोष्टीला म्हणतेस.

कळावे. लोभ वाढावा, टेपपेक्षा जरा भराभर.

तुझा,
काडी


२४ सप्टेंबर

चि. काडीस, आशीर्वाद.

सोबत शर्ट आहे. पांढरा, बारीक निळी रेघ. छाती साडेबत्तीस धरून त्यावर फक्त दीड इंच सैल सोडला आहे. इतका अंगासरसा मी आजवर कोणालाही शिवला नाही, पण तुला रेघ दाखवायची आहे ना. काजं आईची. एकेक काज करताना तिने काहीतरी पुटपुटलं, ते मला सांगत नाही.

घोडामैदान जवळच आहे. घाबरू नकोस.

ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले.

आधी शर्टाचं. घातला, छान दिसला, घरमालकीणबाई वा म्हणाल्या. म्हणून मी जरा छाती काढून श्वास घेतला, तर मधलं बटण सुटलं ते थेट त्यांच्या दुधाच्या पातेल्यात. श्वास सोडला तर बंद होतो, घेतला तर फाटेल असं वाटतं. ताई, तुझं माप चुकलं. कधी नाही ते चुकलं. खांद्याच्या दुखण्याने झालं असेल, मी रागावलो नाही.

आता माझं. तीन दिवसांपूर्वी मोजलं. साडेबत्तीस. शर्टासाठी मी जे माप कळवलं होतं, तेवढंच. एक दोरा जास्त नाही. तीन वेळा मोजून घेतलं. तेहेतीसला अर्धा इंच कमी, आणि दिवस उरले बारा. बारा दिवसांत अर्धा इंच होत नाही, हे नऊ महिन्यांत मला कळलं आहे. गेल्या वेळी त्या रांगेत उघडा उभा होतो, तेव्हाची ती फुली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुन्हा उभं राहायची माझी छाती होत नाही. मी भरतीला जाणार नाही.

ठरल्याप्रमाणे पहिल्या नोव्हेंबरला दुकानात येतो. मालकांना सांगितलं आहे. मास्तरांना अजून नाही. दुसरं मशीन तयार ठेव. आईला सांग की सहा अंडी खायची सवय लागली आहे, तेवढी सोय बघ.

तुझा,
काडी


१२ ऑक्टोबर

चि. काडीस, आशीर्वाद.

उभ्या उभ्या लिहिते आहे. आधी भांडण. माझं माप चुकत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की तुझ्या शर्टाचा खाकी कागदाचा नमुना खुंटीवरून काढला आणि टेबलावर पसरून पुन्हा मोजला. चौतीस. बरोबर साडेबत्तीस अधिक दीड. माझी टेप नवी आहे आणि लोखंडी पट्टीशी ताडून घेतलेली आहे. मग साडेबत्तीस छातीला चौतीसचा शर्ट सुटेल कसा, हे मी आईला विचारलं. आई काज घालत होती. मान वर न करता म्हणाली की असं झालं असेल, बाबांची टेप लांबलेलीच होती.

 आई म्हणते, बाबांना ते चांगलं ठाऊक होतं आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं. गिऱ्हाइकाची छाती त्याच टेपने मोजायची आणि कापडही त्याच टेपने कापायचं. माप कमी आलं तरी कापड तेवढंच जास्त पडायचं आणि कोट अंगाला चपखल बसायचा. तीस वर्षांत एक कोट परत आला नाही. आईला वाटलं, तुलाही काय फरक पडणार.

मी बाबांचे जुने नमुने काढले. ज्यावर त्यांच्या हाताने छत्तीस लिहिलं आहे, तो माझ्या टेपने साडेसदतीस भरतो. तीस लिहिलेला सव्वाएकतीस. पाच नमुने मोजले, पाचही तसेच. म्हणजे नोव्हेंबरात त्या कारकुनाने दया केली नव्हती, तू एकतीसच होतास आणि घरी पावणेतीस वाचलंस. आणि आज जे साडेबत्तीस वाचतो आहेस ते पावणेचौतीसच्या वर आहे.

तू मापात बसलास, काडी. पाऊण इंचाने वर बसलास. अठरा तारखेला जा. श्वास घे आणि जा.

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. आणि वर आणखी दहा साष्टांग.

मी पास झालो! काल भरती झाली आणि मी झालो.

आता क्रमाने सांगतो, कारण सगळं उलटं घडलं. सोळा तारखेला मास्तरांना सांगितलं की मी जाणार नाही, अर्धा इंच कमी आहे. त्यांनी मला बाकावर झोपवलं आणि दांडीवर एकूण साठ किलो चढवले. मी पंचावन्नच्या वर कधी गेलो नव्हतो. उचल म्हणाले. तीनदा उचलली. मग त्यांनी सांगितलं की मोजणं हे मोजणाऱ्याचं काम आहे, ते तू कशाला करतोस, तू नुसता जाऊन उभा राहा. मला वाटलं, या माणसाने नऊ महिने माझ्या डोक्याशी उभं राहून माझी दांडी सांभाळली. त्याला निदान जाऊन आलो एवढं तरी सांगता यावं. म्हणून गेलो. नापास होणार हे धरूनच गेलो. तुझा शर्ट वरचं आणि खालचं बटण लावून घातला होता.

कारकून तोच. त्याच्याकडे पोलादी टेप होती. गुंडाळली आणि पुटपुटला, पावणेचौतीस. पुढचा, म्हणाला. मी तिथून हललो नाही. मला वाटलं हा चुकला, आणि उद्या कोणाच्या लक्षात आलं तर मला हाकलतील. म्हणून मी त्याला म्हटलं की पुन्हा मोजा, माझी साडेबत्तीसच आहे. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला की कमी भरली म्हणून पुन्हा मोजा म्हणणारे त्याने शेकड्यांनी पाहिले, जास्त भरली म्हणून तक्रार करणारा मी पहिला. शेजारच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी मोजली. पावणेचौतीस. श्वास भरून छत्तीस. माझ्या मागची अख्खी रांग हसत होती आणि मी वेड्यासारखा छाती फुगवून उभाच होतो, श्वास सोडायचं विसरलो.

खोलीवर आलो तर घरमालकीणबाईंनी तुझं पत्र हातात दिलं. संध्याकाळच्या टपालाने आलं होतं. जिन्यात उभं राहून वाचलं आणि जिन्यातच बसून हसलो. नऊ महिने मी बाबांच्या टेपशी झगडत होतो आणि बाबा गालातल्या गालात हसत असणार. आईला ओरडू नकोस. टेप खरी असती तर मी जुलैतच तेहेतीस पाहून ढिला पडलो असतो.

पहिल्या डिसेंबरपासून प्रशिक्षण. मास्तरांना सांगितलं तर बरं म्हणाले आणि आरशावरचा टॉवेल स्वतः काढून मला पुसायला दिला, कारण मी रडत होतो.

आता लोभ मागत नाही. छाती भरून आहे तो पुरतो.

तुझा,
काडी


२५ ऑक्टोबर

चि. काडीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून आई दुकानात बसलेलीच नाही. समोरच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांत जाऊन पावणेचौतीस हा आकडा सांगून आली. औषधवाल्याने विचारलं की ताप एवढा कमी कसा. इस्त्रीवाल्याने दुसऱ्या दिवसापासून जोर काढायला सुरुवात केली आहे, दोन झाले.

मी खूश आहे, खरंच. पण तुला एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ते पत्र मी बारा तारखेला लिहिलं आणि चौदाला टाकलं. दोन दिवस ते कात्रीखाली होतं. तू येतो आहेस असं तू कळवलंस, त्या दिवशी मी दुसऱ्या मशीनवरचे तागे उतरवले होते, पट्टा बदलला होता, तुझ्यासाठी उंच स्टूल आणलं होतं. मग टेपचं कळलं. पत्र लिहिलं तेव्हा मनात काही नव्हतं. पाकिटात घातलं आणि मला वाटलं, नाही टाकलं तर? कोणाला कळणार होतं? तू पहिल्या तारखेला येशील, मी कापीन, तू शिवशील, माझा खांदा सुटेल. तुझ्या चष्म्याच्या दुकानात फोन आहे आणि त्याचा नंबर माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे. तोही मी फिरवला नाही. दोन दिवस मी त्या कात्रीने कापड कापलं आणि दर वेळी पाकीट उचलून पुन्हा तिथेच ठेवलं.

चौदाला आईने विचारलं की पत्र टाकलंस ना, आणि मी चप्पल घालून पळत गेले. वेळेत पोचेल असं वाटलं होतं. नाही पोचलं. तू मास्तरांमुळे गेलास, माझ्यामुळे नाही. तू त्या दिवशी गेला नसतास तर मी तुला तोंड कसं दाखवलं असतं? मला ओरड. तू लहान आहेस तरी चालेल.

तुझी,
ताई


३० ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर चौदा तारखेचा शिक्का होता आणि आत बारा लिहिलं होतं. ते मी जिन्यातच पाहिलं. मी काचा घासतो, ताई, बारीक अक्षर मला लगेच दिसतं. तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. तू दोन दिवस घेतलेस. मी पाच वर्षं घेतली.

आता माझंही ऐक. बाबा गेले तेव्हाच मला माहीत होतं की मी दुकानात बसणार नाही. मला ते मशीन आवडत नाही, कधीच आवडलं नाही. पण तुला तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. मग मी येईन, येईन करत राहिलो. हे वर्ष जाऊ दे, पुढची भरती होऊ दे. तू माझी जागा धरून बसलीस आणि मी तुला बसू दिलं. मला वाटायचं, एक दिवस दुसऱ्या कोणीतरी, एखाद्या कारकुनाने, टेपने, माझ्या वतीने निर्णय सांगून टाकावा. मी तेहेतीस इंचांच्या मागे लागलो ते आग विझवायला, हे खरं. पण तुला नाही म्हणावं लागू नये म्हणूनही, हेही खरं.

तर आता म्हणतो, स्वतःच्या तोंडाने. ताई, मी दुकानात येणार नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. दुकान माझं नव्हतंच, पाच वर्षं ते तू चालवते आहेस आणि ते तुझं आहे. माझ्या नावाने त्यातलं काही ठेवू नकोस. ते दुसरं मशीन ज्याला शिवता येतं अशा माणसाला दे, चांगला पगार देऊन बसव, आणि खांदा डॉक्टरला दाखव. प्रशिक्षणाआधी आठ दिवस येतो आहे. गिऱ्हाईक म्हणून येतो. आईच्या हातची अंडी खाईन आणि कशाला हात लावणार नाही.

हे लिहिताना मला साठ किलोपेक्षा जड गेलं. पण खाली ठेवलं आणि आता बरं वाटतं आहे. रागावली असशील तर तसं लिही. लोभ असेल तर तोही लिही.

तुझा,
काडी


६ नोव्हेंबर

चि. काडीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईने तेल लावायला घेतलं तेव्हा मला रडू आलं आणि मग कशाने कोण जाणे, हसू आलं. पाच वर्षं मी तुझं दुकान सांभाळत होते. त्यामुळे भिंतीला रंग लावला नाही, टेबल खिडकीपाशी हलवलं नाही, बायकांचे कपडे घेतले नाहीत. सगळं तू आल्यावर विचारून करू म्हणून. काल टेबल खिडकीपाशी नेलं. दुपारभर उजेड येतो. इतका उजेड तिथे होता आणि मी पाच वर्षं दिव्याखाली कापत बसले. आज डॉक्टरकडेही जाऊन आले.

आणि आज सकाळी पोस्टाचे मोठे साहेब आले, कोट शिवायला. दर वर्षी येतात आणि दर वर्षी विचारतात की धाकटे मालक कधी येणार. मी दर वर्षी म्हणते, येतील, यंदा येतील. आजही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो येणार नाही. तो अग्निशमन दलात लागला. इथे मालक मीच आहे.

साहेब मग बरं म्हणाले, अंगातला कोट काढला आणि माप द्यायला दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभे राहिले.

ये लवकर. तुझं माप मीच घेईन.

तुझी,
ताई